पडदा बाकी

४ जून

बारके,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं." बस, एवढंच. फेब्रुवारीतल्या कार्डावरही हेच होतं, मागच्या वर्षीच्या दोन्हींवरही हेच. मी चार-चार पानं खरडायची आणि तू पोच द्यायची. एखाद्या वेळी "पत्र मिळालं, फाडून टाकलं" असं तरी लिही. निदान काहीतरी वेगळं वाचायला मिळेल.

तुझी वहिनी म्हणते, "आठ वर्षं जिला तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, ती कार्ड पाठवते हेच खूप समजा." तिचं बरोबर असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

आज लिहायला कारण घडलं. दुकानात विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या. मेंदूवर काम करतात म्हणे. गोळ्या-औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. दोन माणसं आपसात बोलत असली की लांबून बघणाऱ्याच्या मेंदूत काय होतं, आणि पुढे त्याला त्यातलं काय आठवतं, याचा त्या अभ्यास करतात. मी म्हटलं, "त्यासाठी विद्यापीठ कशाला, आमच्या गल्लीत खिडकीत उभ्या राहा." हसल्या नाहीत. त्यांना चार पुतळे भाड्यानं हवे होते आणि ते उभे करणारा माणूस हवा होता. मालक म्हणाले, घेऊन जा याला, तसाही हा दुकानात नुसता कुरकुर करतो.

तर मी आठवडाभर त्यांच्याकडे पुतळे उभे करत होतो. कधी दोघं समोरासमोर, कधी पाठीला पाठ, कधी जवळ, कधी लांब. त्या फोटो काढायच्या. मी त्यांना आपली युक्तीही दाखवली. आठवते ना? चौथऱ्यावर जागा कमी, म्हणून पुरुषाचा पुतळा पुढे काचेशी ठेवायचा, बाईचा पुतळा पार मागे, आणि तिची मान तेवढी त्याच्याकडे वळवायची. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, दोघं शेजारी उभी राहून गप्पा मारतायत. तू दुकानात मापं घ्यायला लागलीस तेव्हा तुलाही मीच शिकवली होती. बाईंनी वही काढून लिहून घेतली. मला जरा बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "आता तुम्हीही परीक्षेला बसा." फोटो क्षणभर दाखवायचे, मग तासाभरानं तेच दोन पुतळे आठवणीनं फरशीवर लावायचे. मी मनात म्हटलं, सव्वीस वर्षं मी हेच करतो, ही काय परीक्षा. लावले. बाईंनी टेप धरली. पाठीला पाठ केलेले सगळे जिथल्या तिथे. आणि समोरासमोरचे, झाडून सगळे, मी जवळ लावले होते. एक जोडी तर वीतभर जवळ.

"टेप सरकली असेल," मी म्हटलं.

"सगळ्यांचंच असं होतं," बाई म्हणाल्या. "एकमेकांकडे तोंड केलेली माणसं मेंदू दोन म्हणून उचलतच नाही. एक जोडी म्हणून उचलतो. मग आठवणीत ती जवळ सरकतात."

सगळ्यांचं होत असेल. माझं कसं होईल? मी काय सगळ्यांमधला आहे? घरी येऊन जेवताना बडबडत होतो तेव्हा आई म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतोस, पुतळेच आहेत." आई बरी आहे. गुडघे दुखतात. तुझं नाव घरात अजून निघत नाही. बाबा गेल्यावर तुला "माझ्यासमोर उभी राहू नकोस" म्हणाली, ते तिनं धरून ठेवलंय. आणि मी जे पाहिलं ते सांगितल्यावरच ती तसं म्हणाली, हेही मला ठाऊक आहे. पाठ करून दाखवायची गरज नाही.

दादा

१९ जून

बारके,

बाईंनी आता एक नवीनच काढलंय. ज्यांनी परीक्षा दिली त्यांनी एक जुनी आठवण लिहून द्यायची. आपण लांबून दोन माणसांना काहीतरी करताना पाहिलं, अशी. मला दुसरी सुचेना. खरंच सुचेना, जाणूनबुजून केलं नाही. जे लिहून दिलं ते तसंच इथे उतरवतो. तुला ठाऊक आहेच, पण एकदा माझ्या अक्षरात वाच.

"नऊ वर्षांपूर्वी. दुपारचे साडेतीन. मी रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात बसलो होतो. समोर आमच्या कापडदुकानाची काच. काचेत माझे वडील उभे होते. ते दुकानात फिटिंगचं काम करायचे. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर माझी धाकटी बहीण. तिला नोकरीसाठी लांबच्या शहरात जायचं होतं आणि घरात महिनाभर त्यावरून वाद चालले होते. बहीण बोट नाचवत ओरडत होती. वडिलांनी तिच्यावर हात उगारला. मी चहा टाकून रस्ता ओलांडला तोवर ती आत निघून गेली होती. संध्याकाळी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवसांनी गेले."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, वाईट वाटल्याचं काहीतरी म्हणतील. म्हणाल्या, "काच बंद होती?"

"काच उघडत नाही. शोकेस आहे."

"मध्ये रस्ता होता?"

"होता. वाहता."

"मग ओरडत होती हे कसं कळलं?"

मी म्हटलं, "तोंडावरून कळतं."

"तोंड दिसत होतं?"

मी उठून आलो. ही काय पद्धत झाली? फुकटात आठवण लिहून द्यायची आणि वर कोर्टासारखी उलटतपासणी! रस्त्यानं चालताना डोक्यात एकच. तोंड दिसत होतं का? डोळे मिटले की मला तुझं तोंड दिसतं. लालबुंद, कपाळावर आठ्या. पण दुपारी साडेतीनला ऊन सरळ काचेवर येतं. त्या वेळी रस्त्यापलीकडून मला स्वतःचे पुतळे धड दिसत नाहीत, हे मीच मालकांना दहादा सांगितलंय. छताचं कापड पुढे ओढा, ऊन येतं, ऊन येतं.

पण मग तू का नाही बोललीस? हा माझा प्रश्न आहे. तुझ्यावर एवढं आलं, आईनं तुला दार दाखवलं, आणि तू बॅग भरून चालती झालीस! माणूस भांडतं, रडतं, पाय आपटतं. काय चाललं होतं तिथे ते सांगायचंस ना. मी आत्ता विचारतोय. सांग.

दादा

२ जुलै

बारके,

प्रगती आहे. दोनाचे तीन शब्द झाले. "सांगितलं होतं. तेव्हा."

कार्ड घेऊन मी अर्धा तास जिन्यात उभा होतो. सांगितलं होतंस? काय? कधी? मग हळूहळू आठवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू काहीतरी म्हणत होतीस. "मी बाबांशी बोलतच नव्हते. मी मास्तरांना माप सांगत होते." मी म्हणालो होतो, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." हे वाक्य म्हणताना किती जोर येतो माणसाला! समोरचा काय म्हणतोय ते ऐकूच येत नाही.

ठीक आहे. आपण पुरावा बघू, असं ठरवून मी मास्तरांकडे गेलो. कापणीचे मास्तर, आपले. आता निवृत्त, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहतात. कानांनी तेव्हाच बाद होते, आता तर पूर्ण कारभार आटोपलाय. ते त्या दुपारी कापणीच्या टेबलाशी असणारच, कारण ते जेवायलासुद्धा तिथून हलत नसत. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मास्तर, त्या दिवशी बारकी काय करत होती?"

"अरे, भांडत होती ना! बोट नाचवत होती पोरगी बापासमोर. बोट नाचवत होती."

"तुम्ही पाहिलंत?"

"म्हणजे काय! समोर तर होतो." आणि लगेच, तितक्याच ठामपणे, "तूच नाही का सांगितलंस सगळ्यांना."

दोन्ही वाक्यं एका श्वासात, बारके! त्यांना त्यात काही चूक दिसली नाही. आणि शब्द बघ. "बोट नाचवत." माझे शब्द आहेत ते. मी दवाखान्यात म्हटले, मग घरी, मग दुकानात, मग जो भेटायला येईल त्याला. आता ते मास्तरांनी पाहिलेले झालेत. मला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. मी साक्षीदार शोधायला जातो आणि जो भेटतो तो मलाच माझी गोष्ट परत करतो.

निघताना मास्तरांनी विचारलं, "बस किती वाजता तुझी?" मी म्हटलं, "साडेपाच." त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "पाच!" आणि बोट वर करून हलवलं. मास्तरांनी मान डोलावली. "साडेपाच. जा मग, उशीर होईल."

जिन्याच्या चौथ्या पायरीवर माझे पाय थांबले.

दुकानाचा नियमच होता तो. मास्तरांना आकडा ऐकू जायचा, 'साडे' ऐकू जायचं नाही. एकदा कुणाचे तरी खांदे अर्धा इंच चुकले आणि केवढा गोंधळ झाला, तेव्हापासून ठरलं. आकडा ओरडून सांगायचा आणि 'साडे' असेल तर बोट वर करून हलवायचं. सगळे करायचे. बाबा करायचे, मालक करायचे. मी नऊ वर्षांनंतर नकळत केलं. माझ्या हातानं ते जपून ठेवलं होतं आणि डोक्यानं नाही.

तुझ्या तोंडातून त्या दुपारी काय निघत होतं? साडेअडतीस?

दादा

१५ जुलै

बारके,

तुझं कार्ड आलं नाही. नको पाठवूस. मी आता तुझ्यावर अवलंबून नाही.

माझी शोकेसची वही तुला माहीत आहे. दर सोमवारी काचेतली मांडणी बदलली की मी वरून दिसेल तसा नकाशा काढतो. चौथरा कुठे, पुतळा कुठे, कुणाची मान कुठे, मागे पडदा कुठला. तारीख घालतो. तू हसायचीस, म्हणायचीस, "दादा पुतळ्यांच्या कुंडल्या मांडतो." त्या वर्षाची वही वरच्या कपाटात होती. काल काढली.

त्या सोमवारचं पान आहे. ऐक. चौथरा साडेतीन फूट रुंद. त्यावर तीन पुतळे, उन्हाळी कपडे. डाव्या कोपऱ्यात स्टूल. मागे निळा पडदा, आणि त्यापुढे माझ्या अक्षरात: "पडदा बाकी." म्हणजे पडदा तेव्हा लागायचा होता, म्हणून तर बाहेरून आतलं दिसत होतं. एरवी दिसलंच नसतं.

आता, तीन पुतळे आणि एक स्टूल ठेवल्यावर साडेतीन फुटांत चौथ्या माणसाला पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मी आज सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन तसेच तीन उभे केले आणि शिरून बघितलं. एका पुतळीचा हात निखळून पडला. तू तिथे, बाबांपासून हातभर अंतरावर, असूच शकत नव्हतीस. तू मागे होतीस, कापणीच्या टेबलाशी. ते टेबल जमिनीत बोल्टनं बसवलेलं आहे, ते काही हललेलं नाही. काचेपासून टेप टाकली. अकरा फूट.

अकरा फूट मागे उभी असलेली बाई, तोंड पुढे. काचेशी पुरुष. आणि रस्त्यापलीकडे एक शहाणा. माझीच युक्ती, बारके. हजार वेळा मी लोकांना असं फसवलं आणि खिशात हात घालून बघत उभा राहिलो की कसे फसतात. स्वतः फसलो तेव्हा मात्र थेट आईला जाऊन सांगितलं.

आता सगळं जुळलं. तू मास्तरांना माप सांगत होतीस. बाबा स्टुलावर होते, पडदा लावत होते, म्हणून हात वर. उगारला नव्हता, वर होता. मी चुकलो. हे मी लिहून देतो, हवं तर सही करून देतो. मेंदूवाल्या बाई म्हणतात की ही जगात सगळ्यांची चूक आहे, म्हणजे एकट्या माझी नाही. आता तूच आईला लिही. मी हे पान सोबत पाठवतो, ते तिला दाखव. तुझ्याकडून गेलं तर बरं दिसेल.

दादा

२४ जुलै

बारके,

हे कसलं कार्ड? नऊ वर्षांत पहिल्यांदा तू मला काही विचारतेस आणि ते हे?

"बाबा स्टुलावर कशाला चढले होते?"

पडदा लावायला! लिहिलंय की मी. वाचत नाहीस का? मी वही शोधली, टेप टाकली, पुतळीचा हात मोडला, मालकांचं ऐकून घेतलं, बहिरट म्हाताऱ्याच्या कानात ओरडून घसा बसवला, चूक कबूल केली. एवढं कोण करतं? आणि तुझं लक्ष स्टुलावर! त्याचा इथे काय संबंध? प्रश्न तू कुठे उभी होतीस हा होता. त्याचं उत्तर मिळालं. तुझ्या बाजूनं मिळालं. जरा आनंद मान की.

आणि पान परत का पाठवलंस? ते तुझ्यासाठी होतं.

दादा

२६ जुलै

बारके,

परवाचं पत्र फाडून टाक. टाकलं नसशील तर टाक.

तू पान परत पाठवलंस तेव्हा ते घडी घालून पाठवलंस. घडी बरोबर शेवटच्या ओळीवर. तू काही खूण केली नव्हतीस, पेन लावलं नव्हतंस, नुसती घडी. मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात येणार नाही. आधीच्या पत्रात मी ती ओळ पूर्ण उतरवली नव्हती. वहीत "पडदा बाकी" एवढंच नाही. "पडदा बाकी – बाबा" असं आहे.

पडदा माझं काम होतं. त्या दिवशी सकाळपासून मी काच बदलत होतो, वैतागलो होतो. बाबा फिटिंगचं काम संपवून सहज पुढे आले. मी म्हटलं, "बाबा, तेवढा पडदा अडकवा ना, मी आलोच." ते म्हणाले, "हात वर धरला की खांदा भरून येतो रे हल्ली." मी म्हटलं, "दोन कड्या तर आहेत." आणि चहाला गेलो. काही मोठं कारण नव्हतं. भांडण नव्हतं, घाई नव्हती. मला चहा हवा होता.

म्हणजे मी काचेतून जे पाहिलं, ते माझं काम करणारे माझे वडील होते. अडुसष्ट वर्षांचे, स्टुलावर उभे, हात डोक्याच्या वर, खांदा भरून आलेला. आणि मी बशीतून चहा पीत त्यांच्याकडे बघत होतो.

डॉक्टर म्हणाले होते, दुखणं आधीपासूनच होतं, आज ना उद्या झालंच असतं. हे मी ऐकलं होतं, बारके. पण संध्याकाळी त्यांनी छाती धरली तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं स्टूल आलं. आणि दुसऱ्याच क्षणी तू आलीस, बोट नाचवत. मी तुला मुद्दाम आणलं नाही, हे खरं आहे. शपथेवर सांगतो. पण तू आल्यावर मी तुला जाऊ दिलं नाही. एकदा आईला सांगितलं, मग आत्याला, मग सगळ्यांना. दर वेळी तू बाबांच्या थोडी जवळ यायचीस, आणि दर वेळी स्टूल थोडं लांब जायचं. शेवटी स्टूल राहिलंच नाही. बाईंना लिहून दिलं त्यात आहे का बघ. "काचेत माझे वडील उभे होते." नुसते उभे.

आणि वही मी काल-परवा काढली नाही. बाबा गेले त्याच वर्षी काढली होती. तेच पान उघडलं, ती ओळ वाचली, आणि वही वरच्या कपाटात ठेवली. तुझी वहिनी विचारत होती, काय शोधताय. मी म्हटलं, काही नाही.

तू हे सगळं तेव्हापासून जाणून होतीस का? टेबलाशी उभी असताना तू मला बाबांना पडदा लावायला सांगताना ऐकलं होतंस ना? तरी नऊ वर्षं आईला बोलली नाहीस. मला त्याचाही राग येतो. तू सांगायला हवं होतंस. नाही. मी सांगायला हवं होतं.

आईला मीच सांगतो. तू लिहू नकोस.

दादा

९ ऑगस्ट

बारके,

आईला सांगितलं. तुला वाटत असेल, रडली, हाय खाल्ली, मला दोन ठेवून दिल्या. तसलं काही नाही. भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, वही दाखवली, अकरा फूट सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ती बोट नाचवत होती."

"आई, ते साडेचं बोट होतं."

"मला काय सांगतोस? मी पाहिलंय तिला. हिरवा ड्रेस होता अंगात."

"आई, तू घरी होतीस!"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "हो. घरी होते." आणि पुन्हा, जरा वेळानं, "पण हिरवाच होता."

बारके, मी काय करू? मी नऊ वर्षं रोज थोडं थोडं तिच्या डोळ्यांत भरलं. आता म्हणतो, काढ. निघत नाही. माझ्याच डोळ्यांतून निघत नाही. मला फूट ठाऊक, इंच ठाऊक, तरी डोळे मिटले की तू चौथऱ्यावर, लालबुंद. मी बाईंना फोन करून विचारलं, हे पुसायचं कसं. बाई म्हणाल्या, "पुसायचं कसं ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही." मग विद्यापीठ कशाला काढलंय?

शेवटी मला जे येतं ते केलं. काल दुकान बंद होतं. आईला रिक्षात घालून नेलं. आत पुरुषाचा पुतळा स्टुलावर उभा केला, हात वर. बाईचा पुतळा मागे कापणीच्या टेबलाशी, एक बोट वर, तोंड पुढे. मग आईला रस्त्यापलीकडे नेलं, त्याच चहाच्या दुकानात, त्याच बाकावर. म्हटलं, "काय दिसतं?"

आई बराच वेळ बघत होती. "भांडतायत," म्हणाली. "ती अगदी अंगावर गेलीय त्याच्या."

"चल."

तिचा हात धरून रस्ता ओलांडला. आत नेलं. स्टुलापासून टेबलापर्यंत आई एकटी चालत गेली, गुडघ्यावर हात ठेवून, पावलं मोजत. बारा झाली. तिची पावलं आता लहान पडतात. टेबलाशी पोचून तिनं मागे वळून बघितलं. त्या पुतळीच्या शेजारी उभी राहून, तिच्या जागेवरून. तिथून बाबांची पाठ दिसते, बारके. तोंडसुद्धा दिसत नाही.

मग ती परत आली, स्टुलाशी. त्या पुतळ्याच्या वर केलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "त्यांना हात वर धरवत नव्हता. स्टुलावर कुणी चढवलं?"

हे मी घरी सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हेच तेवढं तिनं ऐकलं नव्हतं. किंवा मी हळू बोललो होतो.

"मी," म्हटलं.

तिनं पुतळ्याचा हात धरला आणि खाली केला. सांधा जुना आहे, कुरकुरला. दोन्ही हात खाली केले. मग म्हणाली, "घरी चल."

रिक्षात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आजही सकाळपासून नाही. "माझ्यासमोर उभा राहू नकोस" असं म्हणाली नाही, पण मी खोलीत गेलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. तुझी वहिनी म्हणते, "आता तुम्हाला कळेल." मला कळतंय. चोवीस तास झाले आहेत आणि मला सहन होत नाही. तू नऊ वर्षं कशी काढलीस?

मी माफी मागतोय. आधीच्या पत्रांत कुठेच मागितली नव्हती, मी काल सगळी पत्रं मनात वाचून पाहिली. चूक कबूल केली, सही द्यायला निघालो, पण माफी मागितली नाही. ही मागतो. तू दिली पाहिजेस असं नाही.

हे पत्र आईनं मागून घेतलं. म्हणाली, खाली जागा सोड.

दादा

बारके,

मी काहीही पाहिलं नव्हतं. यानं सांगितलं आणि मी धरून बसले. तू सांगायला आलीस तेव्हा मी आतून कडी लावली. दाराबाहेरून तू काय म्हणत होतीस ते मी ऐकलं नाही.

अजून डोळ्यांपुढे तेच येतं. ते जाईल का नाही, मला माहीत नाही. तुझा हिरवा ड्रेस त्या दिवशी दोरीवर वाळत होता, हे मात्र काल आठवलं.

तू ये. माझ्यासमोर बस. आधी तू सांग, पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर याला पाठवत नाही. मी येते.

आई